कापूरहोळला सोडलं

माझ्या नवऱ्यानं मला कापूरहोळला सोडलं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आता त्याचं मला काही वाटत नाही. ऐकणारा मात्र दर वेळी फसतो. "बरं, मग पुढं कशानं गेलीस?" असं विचारणारेही भेटले. त्यांना वाटतं, नवरा फाट्यापर्यंत सोडायला आला होता. तसा तो आलाच होता म्हणा. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती, तिथून मला माहेरी भोंगवलीला पोचवायला निघाला होता. कापूरहोळला उतरलो. पुढच्या एसटीला वेळ होता आणि ऊन मरणाचं. मी म्हटलं, तहान लागलीय. तो म्हणाला, "थांब हितं, पानी घिऊन येतो." मी पिशवी पायात धरून पंक्चरच्या दुकानाच्या सावलीत बसले. तो रस्ता ओलांडून गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली.

भोंगवलीची एक गाडी गेली, दुसरी गेली. शेवटी पंक्चरवाल्याच्या बायकोनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं मानूस मगाशीच माघारी येल्ह्याच्या गाडीत बसलं की." मी तिलाच शिव्या दिल्या. बिचारीचं काय चुकलं होतं!

त्याआधी मी चारचौघींसारखं नवऱ्याला 'ते' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तो' म्हणते. सोडून गेलेल्याला कसलं अहोजाहो?

का सोडलं, हे कुणी सांगितलंच नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, तेच कारण असणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण आमचं भांडण असं नव्हतं. मारहाण नव्हती. दुसरी केली म्हणावं तर तीही केली नाही. एखाद्यानं दुसरीसाठी सोडलं तर निदान तिच्या नावानं बोटं तरी मोडता येतात. मला तीही सोय नव्हती. महिन्याभरानं सासूबाईंचा, म्हणजे आत्यांचा, निरोप आला: "पोराचं चुकलं, पन त्यो काय न्यायला येत न्हाई. पोटात घाल." मी उलट निरोप धाडला की माझ्या पोटात मूल नाही म्हणून त्यात वाट्टेल ते घालायचं का? त्यानंतर अकरा वर्षं त्या घरातून फोन नाही की चिठ्ठी नाही.

मी भोरला आले, टायपिंग शिकले. आता कचेरीजवळ माझं स्वतःचं दुकान आहे, टायपिंग आणि झेरॉक्स. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाच्या नोंदी, सगळं मी करते. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द माझी बोटं झोपेतही बडवतील. माझं बरं चाललं होतं. हे मी ठासून सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मी वाट बघत बसले होते. अजिबात नाही.

सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. उंच बाई, डोळ्यांना जाड चष्मा, फुलाफुलांची साडी. नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन भोरला भाचीच्या शेजारी खोली घेऊन राहिल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. एकदा त्यांनी पिशवीतून सहा वह्या काढल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "कादंबरी आहे. टाईप करून देशील? कुणाला सांगू नकोस."

गोष्ट एका नर्सची होती. तिचं लग्न ठरलेलं, चर्चमध्ये माणसं जमलेली, आणि नवरामुलगा आलाच नाही. सहा वर्षांनी तोच अपघातात सापडून तिच्याच वॉर्डात भरती होतो. ती त्याच्या जखमा धुते, ड्रेसिंग करते, त्याला पेज भरवते. मला टाईप करताना संताप यायचा. मी म्हणायचे, "सिस्टर, विष घाला म्हणावं त्या पेजेत."

"अगं, नर्स आहे ती."

"मग टिंचर तरी जरा जास्त लावा. आग तर होऊ दे मेल्याची."

त्या चष्मा काढून हसायच्या. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळं त्यांचे निम्मे शब्द मला नवे होते. 'कृपा' हा शब्द पानोपानी. आणि माझी बोटं दिवसभर 'कृपया' मारून सवयीची झालेली. 'त्या सकाळी तिच्यावर प्रभूची कृपया झाली' असं मी बारा ठिकाणी मारून ठेवलं. सिस्टरनी सगळीकडे पेन्सिलीनं खुणा केल्या. "कृपया म्हणून मागावं लागतं बाळ. कृपा न मागता मिळते," म्हणाल्या. मी म्हटलं, कचेरीत तर मागूनही मिळत नाही.

चौथी वही संपत आली. शेवटच्या पानावर होतं: 'ती उठली. तिने खिडकी उघडली. आणि तिने त्याला सोडले.' वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वा रे वा, म्हटलं, शेवटी बाईला अक्कल आली! आनंदाच्या भरात मी पदरचं एक वाक्यही घातलं: 'आणि तिने पुन्हा वळूनसुद्धा पाहिले नाही.' टायपिस्टनं असं करू नये. हे पाप आहे. पण मला राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पाचवी वही घेऊन आल्या. उघडते तर लग्नाची तयारी. केक, पांढरा झगा, बँडवाले.

"आता हा कुठला नवरा?" मी विचारलं.

"तोच."

"अहो, त्याला सोडलं ना हिनं? खिडकी उघडून?"

सिस्टरनी कागद ओढून घेतला. मग त्यांनी माझं पदरचं वाक्य वाचलं आणि पोट धरून हसल्या. "सोडलं म्हणजे टाकलं नव्हे गं! त्याचा अपराध सोडला. क्षमा केली. आमच्याकडे असंच म्हणतात."

"आमच्याकडे नाही म्हणत," मी चिडून म्हणाले. "आमच्याकडे सोडली म्हणजे सोडली." त्यांनी माझं वाक्य पेन्सिलीनं खोडलं, पण आपला शब्द काही बदलला नाही. मला त्यांचा खरंच राग आला होता. एवढं करून शेवटी लग्नच लावायचं, तर मग त्या बाईनं सहा वर्षं कशासाठी रडायचं? आणि एकाच शब्दात जवळ घेणं आणि टाकून देणं दोन्ही कसं बसतं, हेही मला कळेना.

मी कागद आपटत विचारलं, "हे खरं घडलंय का तुमच्या बाबतीत?"

"अर्धं," सिस्टर म्हणाल्या. "तो लग्नाला आला नाही, इथवर खरं."

"आणि दवाखान्यात?"

"नाही आला. मी तीस वर्षं रोज सकाळी भरतीचं रजिस्टर बघत होते."

मला वाईट वाटलं. मी त्यांना चहा मागवला आणि पुढचं लग्न काही न बोलता टाईप करून दिलं.

त्याच आठवड्यात फोन आला. अनोळखी नंबर. तिकडं रेंजची बोंब, हे मला माहीत होतं, तरी आवाज ऐकताच ओळखला. आत्या. वारा घुसत होता, मधेच तुटत होतं. "आगं... मी बोलत्ये... त्यो म्हनतोय... मला सोड म्हनावं... येकडाव यिऊन जा... लई..." आणि फोन कट. मी परत लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर.

मला सोड म्हणावं! अकरा वर्षांनी! माझं डोकंच फिरलं. म्हणजे याला आता दुसरी करायची आहे आणि माझ्याकडून फारकत हवी आहे. आधी स्वतः सोडायचं, वर मलाच सोडायला सांगायचं, चोराच्या उलट्या बोंबा! मी त्या दिवशी गिऱ्हाइकांवर उगाच ओरडले. संध्याकाळपर्यंत मात्र माझं ठरलं. घे म्हटलं, सोडते. तुझ्या तोंडावर कागद मारते आणि येते.

फारकत कोर्टात टिकत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खरा घटस्फोट कोर्टातच होतो. पण खेडोपाडी अजून कागद करतात, आणि मला कायदा नको होता, कागद हवा होता. मी स्टॅम्पपेपर आणला आणि स्वतःची फारकत स्वतः टाईप केली. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'यापुढे उभयतांचा एकमेकांशी कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही.' एक चूक नाही. सह्या तिथंच, माणसांसमोर करायच्या म्हणून दोघांच्याही जागा कोऱ्या ठेवल्या. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी बरोबर घे. ऊन आहे." मी घेतलं नाही.

भोरहून निघालं की कापूरहोळ चुकवता येत नाही. अकरा वर्षं मी तिथनं जाताना डोळे मिटून बसायचे. त्या दिवशी उघडे ठेवले. पंक्चरचं दुकान तिथंच होतं. पुढं चेलाडीला वळलो, मार्गासनी आली, आणि जसजसा राजगड दिसायला लागला तसतशी माझ्या हातातलं फोल्डर घामानं चिकटायला लागलं. पालीत उतरले. किल्ल्यावर जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्या लागल्या होत्या. मी वस्तीची वाट धरली. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करत वर चढले. एक शिवी तर मी खास जपून ठेवली होती.

पडवीत म्हशीजवळ आत्या बसल्या होत्या. किती वाळल्या होत्या! मला बघून उठल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं होतं भांडण होईल. भांडणाची तयारी करून गेलेल्या माणसाची कुणी दृष्ट काढली तर त्यानं करायचं काय?

"कुठं आहे तो?" मी विचारलं.

"कुठं असनार? पडलाय. अंगावरनं वारं गेलं न्हवं त्येच्या. फोनवर सांगितलं की तुला."

सांगितलं असेल. वाऱ्यानं नेलं.

तो आतल्या बाजेवर होता. उजवा हात गोधडीवर नुसता ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा डोळा अर्धा मिटलेला. मी त्याला चाळीस वर्षांचा समजून आले होते, तो साठीचा दिसत होता. त्यानं मला बघितलं आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "पा... पा..." मी तांब्या घेऊन त्याच्या तोंडाला लावायला गेले, तर तो मान हलवायला लागला. नको, नको. पाणी सांडलं.

"त्येला प्यायला नगं," आत्या म्हणाल्या. "पडल्यापास्नं ह्येच चाललंय. पानी आनलं व्हतं, पानी आनलं व्हतं. म्हनतो, बाटली घिऊन रस्त्याच्या पल्याड हुबा व्हतो. टेम्पोच्या आडनं तुला बघत. पाय उचलंना म्हनतो. मंग गाडी आली आन् त्यो चढला."

"पण का?" मी ओरडलेच. "का चढलात? मी काय केलं होतं तुमचं?"

तोंडातून 'तुमचं' गेलं, ते मला नंतर कळलं. त्यानं डोळे मिटले. त्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, एकाच डोळ्यातून. मग तो जीभ ओढत म्हणाला, "न्हाई... ठावं." आणि मला दिसत होतं की तो खोटं बोलत नव्हता. अकरा वर्षं मी ज्या कारणासाठी जळत होते, ते कारण त्याच्याकडेही नव्हतं. मला त्याचं काय करावं कळेना. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्याला बदडावंसंही वाटत होतं.

तेवढ्यात आत्यांचं लक्ष माझ्या फोल्डरकडे गेलं. "लिवून आनलंस व्हय? बरं केलंस बाई. म्या त्येला म्हनलंच व्हतं, ती शिकल्याली हाय, तोंडानं न्हाई सोडायची, लिवून सोडंल." त्या मुलाकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आरं, आनलंय बग तिनं! सोडलं तुला! वाच गं, वाच त्येला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मला सोड म्हणावं. सिस्टरचं सोड. त्याला फारकत नको होती. ह्या मायलेकांनी ना कधी सिस्टरची वही बघितली, ना चर्च, आणि शब्द मात्र सिस्टरच्याच अर्थानं वापरत होती. झालं गेलं सोड, एवढंच मागणं होतं. आणि मी स्टॅम्पपेपर घेऊन आले होते.

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्यांना अक्षरओळख नाही. त्याला सही येते, वाचता येतं थोडं, पण तेव्हा डोळा धड नव्हता. मी कागद बाहेर काढला. 'हे तसलं सोडणं नव्हे, ही फारकत आहे' असं काहीतरी समजावून सांगावं म्हटलं, तर त्या ओघळलेल्या तोंडाला काय सांगणार? म्हटलं, सिस्टरच्या नर्सचं वाक्य पाठ आहे आपल्याला, तेच म्हणून टाकू आणि सुटू. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागले:

"लिहून देते की, त्या दिवशी कापूरहोळला मला तहान लागली होती. ती मी दुसऱ्या कुणाच्या हातनं भागवली. तुम्ही पाणी घेऊन उभे होता, हे मला आज कळलं. मला राग होता. तो मी आज येताना बरोबर आणला होता, पण आता हुडकते तर सापडत नाही. त्या दिवसाचं तुमच्याकडं माझं काही मागणं राहिलेलं नाही. तुम्ही मोकळे आणि मीही मोकळी. हे मी राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे."

आत्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यानं डावा हात पुढं केला. मी काही म्हणायच्या आत कागद घेतला आणि उशाखाली सरकवला. परत मागायचा कसा? मी मागितला नाही. आत्यांनी वाटीभर खरवस खायला लावला, तो खाल्ला, आणि खाली उतरले. जपून ठेवलेली शिवी तशीच राहिली.

आता कुणाला वाटेल की मी पिसासारखी हलकी होऊन परतले असेन. सिस्टरच्या कादंबरीत तसंच होतं. माझं तसं झालं नाही. मार्गासनी येईस्तोवर राग परत आला होता. पाय उचलेना म्हणे! गाडीत चढायला बरा उचलला! आणि भीतीही होती. तो कागद कुणी वाचून दाखवला तर? माणूस मरायला टेकलाय, आणि ज्याला तो माफीची चिठ्ठी समजून उशाला घेऊन झोपलाय ती त्याची फारकत आहे. ह्याच्यापेक्षा तोंडावर मारली असती तर बरं झालं असतं. मी चांगलं केलं की फसवलं, मला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरकडे जाऊन कबूल केलं. म्हटलं, तुमचं वाक्य चोरलं मी, तुमच्या नर्सचं. "कुठलं गं?" त्यांनी विचारलं. मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी वह्या काढल्या. चौथी चाळली, पाचवी चाळली, सहावीही बघितली. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "बाळ, ह्यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही. माझी नर्स तर पाचव्या वहीत नुसतं 'मी तुला क्षमा केली' म्हणते. आणि 'राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय' मी कशाला लिहीन?"

"मग मी कुठनं वाचलं?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना विचारलं, की राग परत आला तर ती क्षमा रद्द होते का? त्यांनी वह्या पिशवीत ठेवल्या. म्हणाल्या, "जखम रोज धुवावी लागते. काल धुतली होती म्हणून आज चालत नाही." हे बरं वाटलं ऐकायला, पण त्यानं माझा गोंधळ काही मिटला नाही.

त्यानंतर आत्यांचे फोन सुरू झाले. आज उठून बसला. आज काठीवर चार पावलं टाकली. "आन् रोज पाटीवर गिरवत बसतोय पोरावानी. हात सुटाया लागलाय त्येचा. तू सोडलंस, म्हनून उठला गं." डॉक्टरनं औषधं दिली होती, मालीश चालू होतं, हे मलाही कळतं. पण दर फोनला मी आधी आत्यांचा सूर ऐकायचे. उशाखालचा कागद अजून कुणी वाचलेला दिसत नव्हता.

सात-आठ महिने गेले. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर काठीचा आवाज आला. वर बघितलं तर तो. एकटा. पालीहून गाड्या बदलत, पाय ओढत आला होता. काखेत पिशवी. त्यानं बाकावर बसून दम घेतला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवली. सीलबंद.

"कापूरहोळला घेतली," म्हणाला. बोलणं सावकाश, पण शब्द नीट होते.

माझ्या जिभेला काही हाड नाही. मी म्हटलं, "अकरा वर्षं लागली व्हय पाणी आणायला?"

तो हसला. तोंडाची एकच बाजू हसली. मग त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला माझा स्टॅम्पपेपर काढला.

"वाचून घेतला," म्हणाला. "पालीच्या मास्तरांकडनं. तू गेलीस त्येच्या दुसऱ्याच दिवशी."

म्हणजे सगळे महिने त्याला माहीत होतं.

"मास्तर म्हनलं, अंगठा चालतो. म्या म्हनलं न्हाई. तिनं येवडं टाईप करून आनलं, तिला पायजेल असंल. अंगठा न्हाई, सहीच करीन." त्यानं उजवा हात जरासा उचलून दाखवला. "पाटीवर गिरवली. लई दिस लागलं."

मी कागद उघडला. 'लिहून घेणार' च्या खाली त्याची सही होती. वाकडीतिकडी, पण पुरी, शेवटच्या रेघेसकट. माझ्यापासून मोकळं व्हायला नव्हे, मला मोकळं करायला तो पाटी घेऊन बसला होता, आणि त्या गिरवण्यानं त्याचा हात सुटला होता. मी तिथंच रडले. दुकानात सातबाऱ्याला आलेले दोघंजण उठून बाहेर गेले.

"येक इचारू?" तो म्हणाला. "त्यात तू वाचलंस ते न्हाईच. मास्तरांनी दोनदा बघितलं. मंग तू कुठनं वाचत व्हतीस?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले. हे मी त्याच्याइतकंच खरं बोलले.

त्यानं मान हलवली. घरी चल म्हणाला नाही, आणि मीही राहा म्हटलं नाही. कागदावर माझ्या सहीची जागा कोरी होती. त्यानं ती दाखवली नाही, मी पेन उचललं नाही. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, तो आजही तिथंच आहे. सिस्टर कधीतरी विचारतात, पुढं काय ठरवलंस? मी म्हणते, तुमच्या पाचव्या वहीची घाई नको. त्या चष्मा पुसत बसतात.

त्या दिवशी परतीची चारची गाडी होती. दुकान ओढून घेतलं आणि त्यांच्या काठीच्या चालीनं स्टँडपर्यंत चालत गेले. गाडी लागली, त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी बाटलीचं सील तोडलं. पाणी कोमट झालं होतं. त्यांच्यासमोर उभी राहून निम्मी बाटली प्याले, निम्मी खिडकीतून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उजव्या हातानं घेतली. गाडी सुटली, वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मी तिथंच उभी होते.

शेजारच्या बाकावर आमच्या गल्लीतली एक बाई बसली होती. म्हणाली, "कोण हो पाव्हणे?"

"नवरा," मी म्हटलं. "त्यांना सोडायला आले होते."